एकदा भरलेली फी

विद्यापीठ अनुदान आयोग बोगस विद्यापीठांची यादी वेळोवेळी जाहीर करतो. त्या यादीत कर्नाटकाच्या नावापुढे अनेक वर्षं एक नोंद ठाण मांडून होती: बडगाणवी सरकार वर्ल्ड ओपन युनिव्हर्सिटी एज्युकेशन सोसायटी, गोकाक, जिल्हा बेळगाव. महाराष्ट्रापुढे नागपूरची राजा अरेबिक युनिव्हर्सिटी. १९५६ च्या आयोग कायद्याचं २२ वं कलम सांगतं की पदवी कोणी द्यायची, आणि २३ वं सांगतं की ‘विद्यापीठ’ हे नाव कोणी लावायचं. या दोन कलमांच्या बाहेर पाऊल टाकणाऱ्याचं नाव यादीत चढतं.

पण या यादीत यायला आधी स्वतःला विद्यापीठ म्हणवून घ्यावं लागतं. हुशार संस्था तसं करत नाही. ती पाटीवर ‘अकॅडमी’ लिहिते, ‘इन्स्टिट्यूट’ लिहिते, फार तर ‘कौन्सिल’ लिहिते. पदवीच्या भानगडीत न पडता ती ‘डिप्लोमा’ किंवा ‘सर्टिफिकेट’ देते. या नावांवर आयोगाचा पहारा नाही. त्यामुळे गोकाकचं नाव देशभर छापून आलं, आणि बेळगाव, हुबळी, मडगाव, कोल्हापूर इथल्या बसस्टँडसमोरच्या दुसऱ्या मजल्यावर सहा महिन्यांत ‘नर्स’ किंवा वर्षात ‘सेफ्टी ऑफिसर’ करून देणारे वर्ग मात्र कुठल्याच काळ्या यादीत दिसत नाहीत. व्यवसाय प्रशिक्षणात काळी यादी अशी नसतेच. असते ती फक्त मान्यताप्राप्तांची, आणि तीही कुठे पाहायची हे ज्याला गरज असते त्यालाच ठाऊक नसतं.

या प्रकरणासाठी मी कर्नाटकातला जोयडा तालुका निवडला, कारण फी परत मागण्याच्या वाटेवरचे जवळपास सगळे खड्डे तिथे एकत्र सापडतात. हा जुना सुपा तालुका. काळी नदीवरच्या धरणाखाली १९८० च्या दशकात सुपा गाव गेलं, तालुक्याचं ठाणं जोयड्याला आलं आणि उठवलेल्या कुटुंबांतली बरीचशी रामनगरला वसली. आज तालुक्याचा मोठा भाग काळी व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात किंवा त्याच्या कडेला आहे. वस्त्या विखुरलेल्या, कुणब्यांची घरं शेताच्या बांधावर, फोनला रेंज टेकडीवर. कारखाना म्हणावा तर शेजारच्या दांडेलीची कागद गिरणी. बारावी झालेल्या मुलापुढे मग दोनच रस्ते उरतात. एक रामनगरहून अनमोड घाट उतरून गोव्याच्या हॉटेलांत आणि कारखान्यांत जातो, दुसरा बेळगाव-धारवाडकडे. दोन्हीकडे पहिला प्रश्न एकच असतो: काय शिकलास?

जे हँडबिल गावात येतं ते या प्रश्नाचं उत्तर विकत असतं. हॉटेल मॅनेजमेंट, फायर अँड सेफ्टी, लॅब टेक्निशियन, बेडसाइड नर्सिंग, एसी-फ्रिज रिपेअरिंग, टॅली. खाली ‘१०० टक्के जॉब गॅरंटी’. घरी कोंकणी-मराठी बोलणारा, शाळेत कन्नड शिकलेला मुलगा शेवटी सही करतो ती इंग्रजी फॉर्मवर. फॉर्मच्या तळाशी आणि पावतीच्या पाठीवर बारीक अक्षरांत एक ओळ असते: एकदा भरलेली फी कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही.

त्या ओळीला कायद्यात किती किंमत आहे, याचं उत्तर मिळायला जरा लांबून यावं लागेल.

आधी एक गैरसमज. मान्यता नसताना शिकवणं हा आपल्याकडे सरसकट गुन्हा नाही. शिवणकामाचा वर्ग, मोबाइल दुरुस्तीचा वर्ग, इंग्रजी बोलायला शिकवणारा वर्ग काढायला कुठल्या परिषदेची परवानगी लागत नाही, आणि लागूही नये. अशा वर्गांतून हजारो लोक पोटापुरतं शिकले आहेत. भानगड सुरू होते ती कागदापाशी. व्यवसाय प्रशिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेची स्थापना १९५६ ची. आयटीआयच्या प्रमाणपत्रामागे तिचं नाव असे. २०१३ मध्ये राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा आला, प्रत्येक कौशल्याला त्यात पातळी ठरवून दिली गेली. डिसेंबर २०१८ च्या अधिसूचनेनं राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षण परिषद अस्तित्वात आली आणि २०२० पासून ती काम करू लागली. प्रमाणपत्र कोण देऊ शकतो आणि परीक्षा कोण घेऊ शकतो, हे आता ती ठरवते, आणि मान्य अभ्यासक्रमांची राष्ट्रीय नोंदवही इंटरनेटवर कुणालाही पाहता येते. काही धंद्यांना स्वतंत्र दारवान आहेत. नर्स म्हणून नोंदणी व्हायची तर किमान एएनएमचा दोन वर्षांचा किंवा जीएनएमचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम मान्य संस्थेतून झालेला हवा. लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा कर्नाटकात पॅरामेडिकल बोर्डाकडून येतो. सहा महिन्यांची ‘नर्स’ या दारातून आत जाऊ शकत नाही, तिला वर्गात कितीही चांगलं शिकवलेलं असो.

मान्यता नसलेल्या संस्थेच्या भिंतीवर कागद कमी नसतात, उलट जास्तच असतात. एक असतं सोसायटी किंवा ट्रस्ट म्हणून नोंदणीचं प्रमाणपत्र. ते गावातल्या भजनी मंडळालाही मिळतं. एक ‘उद्यम’ नोंदणीचं, जे घरबसल्या फुकट काढता येतं. एक कंपनी म्हणून नोंदणीचं. त्यावर ‘भारत सरकार’ असं ठळक छापलेलं असतं, कारण कंपन्यांची नोंद केंद्र सरकारच करतं. आणि एक आयएसओ ९००१ चं. आयएसओ ही संस्था स्वतः कुणालाच प्रमाणपत्र देत नाही. ते खासगी तपासणी संस्था देतात, आणि त्याचा संबंध कार्यालयाच्या कारभाराच्या पद्धतीशी असतो, डिप्लोमाच्या किमतीशी नसतो. चारही कागद खरे असू शकतात. ‘गव्हर्नमेंट रजिस्टर्ड’ हे शब्दही मग अक्षरशः खरे ठरतात. सरकारी आश्रयाचा भास होईल असं नाव किंवा बोधचिन्ह वापरायला १९५० च्या कायद्यानं मनाई केली आहे. मूळ कायद्यात त्याची शिक्षा होती जास्तीत जास्त ५०० रुपये दंड. तेवढ्यात आज एक फ्लेक्सही छापून होत नाही.

मान्यता म्हणजे चांगल्या शिक्षणाची हमी, असं आपण धरून चालतो. ती तशी नसते, याची उदाहरणं पुढे येतील. मान्यतेचा खरा उपयोग वेगळा आहे. संस्था चुकली तर तक्रार कुणाकडे करायची, याचा पत्ता त्या मान्यतेत लिहिलेला असतो. फी परत मिळण्याचं सगळं गणित या पत्त्याभोवती फिरतं.

विद्यापीठ अनुदान आयोगाची ऑक्टोबर २०१८ ची अधिसूचना घ्या. प्रवेशाच्या जाहीर केलेल्या शेवटच्या तारखेच्या किमान १५ दिवस आधी प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत, त्यातून प्रक्रिया खर्च म्हणून जास्तीत जास्त ५ टक्के आणि तोही ५,००० रुपयांच्या आत कापायचा. त्या १५ दिवसांच्या आत आलात तर ९० टक्के, तारीख उलटून १५ दिवस होईपर्यंत ८० टक्के, ३० दिवसांपर्यंत ५० टक्के, त्यानंतर काही नाही. विद्यार्थ्याची मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवायलाही या अधिसूचनेनं बंदी केली. नियम स्वच्छ आहे आणि तोडला तर आयोग कॉलेजचा कान धरू शकतो. पण हा नियम आयोगाच्या छत्राखालच्या संस्थांपुरता आहे. छत्राबाहेरच्या अकॅडमीला तो लागू नाही, कारण तिचा कान धरायला कुणी नाही. जितकी संस्था बोगस, तितका फी परतीचा नियम पातळ, असं हे उफराटं चित्र आहे.

कर्नाटकातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या इस्लामिक अकॅडमी खटल्यात २००३ मध्ये न्यायालयानं म्हटलं होतं की शिक्षणसंस्थेनं एका वेळी एका वर्षाची किंवा एका सत्राचीच फी घ्यावी. हा खटला खासगी व्यावसायिक महाविद्यालयांचा होता. तरी ‘दोन वर्षांची फी आजच भरा, दहा हजार सूट’ असं म्हणणाऱ्या काउन्सेलरला सांगायला तो बरा आहे. त्याचं तोंड बंद होईलच असं नाही, पण समोरचा माणूस कोरा नाही एवढं त्याला कळतं.

आता न्यायालयांकडे वळू. इथे गोष्ट गुंतागुंतीची आहे.

पाटण्यातल्या बुद्धिस्ट मिशन डेंटल कॉलेजनं १९९० च्या दशकात वर्तमानपत्रात जाहिरात दिली. मगध विद्यापीठाशी संलग्न आणि दंत परिषदेची मान्यता असल्याचा त्यात दावा होता. मुलांनी पैसे भरले, वसतिगृहात राहायला आली, आणि परीक्षेची वेळ आली तरी परीक्षा होईना. संलग्नता नव्हती आणि मान्यताही नव्हती. विद्यार्थी राष्ट्रीय ग्राहक आयोगाकडे गेले. आयोगानं भरलेले पैसे १२ टक्के व्याजासह परत करायला लावले. कॉलेज सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि फेब्रुवारी २००९ मध्ये तिथेही हरलं. वाया गेलेल्या वर्षांसाठी न्यायालयानं भरपाई उलट वाढवली. मान्यतेचा खोटा दावा करून प्रवेश देणं ही सेवेतली त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा आहे, असा या निकालाचा अर्थ. मान्यता नसलेल्या संस्थेकडून पैसे परत मागणारा प्रत्येक वकील आजही या निकालापासून सुरुवात करतो.

पण त्याच सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये महर्षी दयानंद विद्यापीठाच्या खटल्यात म्हटलं की शिक्षण ही विकाऊ वस्तू नाही आणि विद्यार्थी विद्यापीठाचा ग्राहक नाही. २०१२ मध्ये पी. टी. कोशी खटल्यात तोच सूर. २०१० नंतर जवळपास दहा वर्षं देशभरातल्या ग्राहक मंचांवर या दोन धारांची रस्सीखेच चालली. एका जिल्ह्यात पैसे परत मिळत, शेजारच्या जिल्ह्यात तक्रार दारातूनच परत जाई. शेवटी राष्ट्रीय आयोगाच्या मोठ्या पीठानं २० जानेवारी २०२० रोजी मनू सोळंकी विरुद्ध विनायका मिशन विद्यापीठ या प्रकरणात निकाल दिला: शिक्षण देणाऱ्या संस्था, व्यवसाय अभ्यासक्रम चालवणाऱ्या संस्थाही त्यात आल्या, ग्राहक कायद्याखाली येत नाहीत. प्रवेशाच्या आधीचे आणि नंतरचे व्यवहारही नाहीत. संस्थेला नीट संलग्नता नसली तरीही नाहीत. अपवाद एकच, कोचिंग क्लास.

मला हा निकाल उलटा बसलेला वाटतो. ज्या कॉलेजवर विद्यापीठ आहे, परिषद आहे, राज्य सरकार आहे, त्याला ग्राहक मंचातून सूट दिली तर निदान विद्यार्थ्याकडे दुसरं दार उरतं. ज्या संस्थेवर कुणीच नाही तिलाही ‘शिक्षणसंस्था’ म्हणून तीच सूट द्यायची म्हणजे बोगसपणालाच संरक्षण झालं. जिच्याकडे शिक्षण देण्याचा अधिकारच नाही तिला शिक्षणाच्या पावित्र्याचा आडोसा कशासाठी? हा प्रश्न मी एकटाच विचारत नाही. निकाल एकमेकांशी जुळत नाहीत हे सर्वोच्च न्यायालयानंही नोंदवलं आणि ऑक्टोबर २०२० मध्ये या प्रकरणातलं अपील ऐकायला घेतलं. शिवाय मनू सोळंकीचा निकाल १९८६ च्या जुन्या कायद्याखालचा. जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या, २०१९ च्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथेची व्याख्या जास्त फैलावली आहे. सदोष सेवा मागे न घेणं आणि बिलातल्या मुदतीत, किंवा मुदत नसेल तर ३० दिवसांत, पैसे परत न करणं हीसुद्धा त्यात अनुचित प्रथा ठरते. साधं बिल किंवा पावती न देणंही.

म्हणून तक्रार कशी मांडली जाते यावर निम्मी लढाई असते. समजा, रामनगरच्या एका मुलीनं बेळगावच्या एखाद्या अकॅडमीत लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमासाठी ५५,००० रुपये भरले. चार महिन्यांनी तिला कळलं की या कागदावर कुठलंच हॉस्पिटल नोकरी देणार नाही. तिनं लिहिलं की ‘शिकवणं बरोबर नाही, सर येत नाहीत, मला पुढे शिकायचं नाही, फी परत द्या’, तर तो विद्यार्थिनी आणि शिक्षणसंस्था यांच्यातला वाद झाला. संस्थेच्या वकिलाला हेच हवं असतं. तो लगेच पावतीमागची ओळ आणि मनू सोळंकी दोन्ही पुढे करतो. तिनं लिहिलं की ‘तुमच्या पत्रकात मान्यता असल्याचं छापलं होतं, त्या भरवशावर मी पैसे दिले, ती मान्यता नाही हे बोर्डाच्या यादीवरून दिसतं’, तर विषय शिकवण्यावरून विक्रीवर आला. जे नव्हतं ते विकलं, एवढंच तिचं म्हणणं.

हे म्हणणं ग्राहक मंचाबाहेरही उभं राहतं. १८७२ च्या करार कायद्यात फसवणुकीनं किंवा चुकीच्या माहितीवर मिळवलेली संमती ज्यानं दिली त्याला करार मोडता येतो, आणि करार मोडला की घेतलेलं परत करावं लागतं. पावतीमागची ओळ त्याच कराराचा भाग असते. करारच मोडला तर ती ओळ एकटी उभी राहत नाही. आणखी एक गोष्ट वकीलसुद्धा कधीकधी विसरतात. बारावीनंतर लगेच प्रवेश घेणाऱ्या कितीतरी मुलांना तेव्हा १८ वर्षं पूर्ण झालेली नसतात. अल्पवयीनाचा करार मुळातच रद्दबातल असतो, हे प्रिव्ही कौन्सिलनं १९०३ मध्ये मोहोरी बीबी खटल्यात सांगून ठेवलं आहे. फॉर्मवर बापाची सही आहे की नाही आणि ती साक्षीदार म्हणून आहे की फी भरणारा म्हणून, हे त्यासाठी पाहायला हवं.

पुरावा मात्र लागतो, आणि तो हरवायला वेळ लागत नाही. हँडबिल गोळा केलेल्या रद्दीत जातं, फ्लेक्स पावसात फाटतो, व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं फोन बदलताना जातं. काउन्सेलर हुशार असतो. ‘मान्यता आहे’ हे तो तोंडी सांगतो, लिहून देत नाही. अशा वेळी प्रवेशानंतरही एक साधा मेसेज पाठवता येतो: सर, आपल्या डिप्लोमाला कुठल्या बोर्डाची मान्यता आहे, नंबर कळवाल का? उत्तर आलं तर ते पुरावा. उत्तर टाळलं तर तेही पुढे उपयोगी पडतं. पैसे रोख भरले असतील तर पावतीवर संस्थेचं पूर्ण नाव आहे की नुसता शिक्का, हे बघायचं. यूपीआयनं भरले असतील तर ते संस्थेच्या खात्यात गेले की संचालकाच्या बायकोच्या, हे बँकेच्या उताऱ्यात दिसतं, आणि ते फार बोलकं असतं.

आता जोयड्याच्या भूगोलाकडे. जुन्या कायद्यात तक्रार करायची तर बहुतेक वेळा संस्था जिथे आहे तिथे जावं लागे. पुण्यातल्या किंवा बंगळूरमधल्या संस्थेविरुद्ध तिथे तारखा घेत राहायचं, म्हणजे परत मिळायच्या फीपेक्षा एसटीचं भाडं जास्त. २०१९ च्या कायद्याच्या ३४ व्या कलमानं तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथेही तक्रारीला वाट दिली. जोयड्याचा मुलगा आता कारवारच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करू शकतो, संस्था कुठल्याही राज्यातली असो. ५० लाख रुपयांपर्यंतचा व्यवहार जिल्हा आयोगाच्या हद्दीत येतो आणि ५ लाखांपर्यंत तक्रारीला शुल्क नाही. वकील नसला तरी चालतं. तक्रार ऑनलाइन दाखल होते आणि व्हिडिओवरून सुनावणी मागता येते, अर्थात त्या दिवशी टेकडीवर रेंज असेल तर. मुदत दोन वर्षांची. ‘पुढच्या महिन्यात बघू’ असं म्हणत संस्था ही दोन वर्षंच काढायला बघत असते. म्हणून लेखी नोटीस लवकर द्यायची, स्पीड पोस्टानं द्यायची आणि पोच सांभाळायची.

एक बारकावा इथे अडकवतो. ‘फी परत मिळणार नाही’ ही अटच अन्यायकारक करार आहे, एवढ्याच मुद्द्यावर जिल्हा आयोगात गेलात तर तक्रार तिथे चालत नाही; अन्यायकारक करारांचे वाद राज्य आयोगाकडे किंवा त्याच्या वर जातात. कायदा करणाऱ्यांनी हे असं का ठेवलं हे मला आजतागायत उमगलेलं नाही. तीस-चाळीस हजारांसाठी राज्य आयोगापर्यंत कोण जाणार?

ग्राहक आयोगानं मनू सोळंकी दाखवून दार लावलं तर दुसरी वाट विधी सेवा प्राधिकरणाची. १९८७ च्या कायद्याखाली सार्वजनिक उपयोगाच्या सेवांसाठी स्थायी लोक अदालती आहेत, आणि कर्नाटकात शिक्षणसंस्थाही त्या सेवांत धरल्या आहेत. तिथे कोर्ट फी नाही. आधी समेटाचा प्रयत्न होतो आणि तो फसला तर अदालत स्वतः निवाडा देऊ शकते. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींना मोफत वकील मिळतो. स्त्रीला तर उत्पन्नाची अटही नाही. म्हणजे रामनगरच्या आपल्या मुलीला हक्काचा वकील आहे, फक्त त्यासाठी अर्ज करावा लागतो हे तिला कुणीतरी सांगायला हवं.

त्याआधीची सर्वात स्वस्त पायरी म्हणजे १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर. हेल्पलाइन निकाल देत नाही, मध्यस्थी करते. तरी केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्यानं फेब्रुवारी २०२५ मध्ये सांगितलं की हेल्पलाइनच्या मध्यस्थीनं कोचिंग संस्थांकडून ६०० हून जास्त विद्यार्थ्यांना १ कोटी ५६ लाख रुपये परत मिळाले. हे पैसे देणाऱ्या संस्थांना नाव सांभाळायचं होतं. ज्या अकॅडमीचं नावच दर दोन वर्षांनी बदलतं तिच्यापुढे मध्यस्थाचं फार चालत नाही.

तिच्यापुढे पोलिसांचं चालतं. भारतीय न्याय संहितेच्या ३१८ व्या कलमाच्या चौथ्या पोटकलमात, म्हणजे जुन्या ४२० मध्ये, फसवून पैसे घेणाऱ्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ठाण्यातलं पहिलं उत्तर ठरलेलं असतं: ‘हे सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा.’ एकट्या मुलाला ते ऐकून परतावं लागतं. त्याच वर्गातली वीस मुलं छापील पत्रक घेऊन एकत्र गेली की ठाणेदार संचालकाला फोन तरी लावतो, आणि प्रत्यक्षात बरीच फी त्या फोननंतरच परत मिळते. दहावीची मार्कलिस्ट, टीसी संस्थेनं दाबून ठेवली असेल तर त्याचीही तक्रार इथेच करायची. दुसऱ्याची मूळ कागदपत्रं फीसाठी ओलीस ठेवण्याचा हक्क कुठलाच कायदा देत नाही.

अलीकडे या व्यवहारात तिसरा माणूस आला आहे. फी रोख नसेल तर काउन्सेलर तिथेच मोबाइलवर ‘ईएमआय’ करून देतो. आधार, पॅन, एक सेल्फी, दोन ओटीपी, झालं. मुलाला वाटतं की आपण संस्थेला हप्ते देतोय. खरं तर एका वित्त कंपनीनं त्याच्या नावावर कर्ज काढलं आणि पूर्ण रक्कम त्या दिवशीच संस्थेच्या खात्यात पोचली. संस्था उद्या बंद पडली तरी हप्ता चालूच राहतो आणि चुकला तर त्याचं क्रेडिट रेकॉर्ड खराब होतं, ज्याच्या जोरावर पुढे कधीतरी त्याला रिक्षा घ्यायची असते. स्पेनमध्ये २००२ मध्ये ‘ओपनिंग’ नावाच्या इंग्रजी शिकवणाऱ्या वर्गांची साखळी अशीच कोसळली होती. वर्गांना कुलूप लागलं आणि हजारो विद्यार्थ्यांच्या मागे बँकांचे हप्ते राहिले. कर्ज शिकवणीला जोडलेलं होतं, मग शिकवणी संपल्यावर कर्ज कसं उरतं, हा प्रश्न तिथल्या ग्राहक संघटनांनी वर्षानुवर्षं न्यायालयांत लढवला. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या डिजिटल कर्जाच्या नियमांनी कर्जातून बाहेर पडायला थोडी मुदत ठेवली, मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून. पण ती इतकी छोटी असते की पहिला वर्ग भरायच्या आतच संपते. वित्त कंपनीविरुद्धची तक्रार मात्र रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे नेता येते, तीही फुकट. कर्ज देताना आम्ही कुठल्या संस्थेला पैसे देतो आहोत हे पाहिलंच नाही, असं लोकपालापुढे म्हणणं कंपनीला जड जातं.

मान्यता म्हणजे हमी नव्हे असं मी वर म्हटलं. ऑस्ट्रेलियात २००९ मध्ये स्वयंपाक आणि केशरचना शिकवणारी एकामागून एक खासगी कॉलेजं बंद पडली. त्यांत भारतीय मुलं मोठ्या संख्येनं होती, कारण त्या काळी हे धंदे शिकलेल्यांना कायम वास्तव्याचा परवाना मिळणं सोपं होतं. कॉलेजांना सरकारी नोंदणी होती. त्या धक्क्यानंतर २०१२ मध्ये तिथे परदेशी विद्यार्थ्यांच्या फीच्या संरक्षणाची यंत्रणा उभी राहिली. प्रत्येक कॉलेज दरवर्षी तिच्यात वर्गणी भरतं. एखादं बुडालं की विद्यार्थ्याला दुसरीकडे प्रवेश मिळतो किंवा न शिकवलेल्या भागाची फी परत मिळते. कॅनडात क्यूबेक प्रांतातली तीन खासगी कॉलेजं जानेवारी २०२२ मध्ये दिवाळखोरीच्या संरक्षणासाठी कोर्टात गेली, आणि ओटाव्यातल्या भारतीय उच्चायुक्तालयाला विद्यार्थ्यांसाठी सूचना काढावी लागली: फी परत मिळाली नाही तर प्रांत सरकारकडे दाद मागा. अमेरिकेतली कोरिंथियन कॉलेजेस ही साखळीही मान्यताप्राप्तच होती. नोकऱ्यांचे खोटे आकडे दाखवल्याचं उघड झालं आणि २०१५ मध्ये ती बंद झाली. जून २०२२ मध्ये अमेरिकी शिक्षण खात्यानं तिच्या ५ लाख ६० हजार माजी विद्यार्थ्यांचं ५८० कोटी डॉलरचं कर्ज माफ केलं. तिन्ही देशांत संस्था बुडाल्या, मुलं फसली. पण सगळीकडे तक्रारीला कुठला तरी पत्ता होता. आपल्याकडे एवढी मोठी कौशल्य मोहीम २०१५ पासून चालू आहे आणि बुडालेल्या संस्थेच्या विद्यार्थ्यासाठी असा निधी नाही. फीच्या शेकडा एक रुपया बाजूला काढला असता तरी चाललं असतं.

महाराष्ट्रानं २०१३ मध्ये अनधिकृत संस्था आणि अनधिकृत अभ्यासक्रमांना बंदी करणारा स्वतंत्र कायदा केला. कृषी, आरोग्य, तंत्र आणि व्यवसाय शिक्षण असं सगळं त्यात आहे. सीमेच्या अलीकडे कर्नाटकात शिकवणी वर्गांची नोंदणी शिक्षण कायद्याखाली होते. बेळगावातल्या संस्थेची मुख्य शाखा कोल्हापुरात आणि पैसे घेणारी कंपनी गोव्यात असली की कुठलं राज्य कुणाला पकडणार, हा प्रश्न उरतोच.

ज्याला अजून फी भरायची आहे त्यानं हळियाळची बस पकडावी. तिथे कॅनरा बँक देशपांडे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहे. धर्मस्थळ ट्रस्ट आणि दोन बँकांनी १९८२ मध्ये उजिऱ्याला जो प्रयोग सुरू केला, त्याच्याच धर्तीवर केंद्र सरकारनं पुढे देशभर अशा संस्था काढायला लावल्या. गावातल्या बेरोजगार मुलामुलींना तिथे राहणं, जेवण आणि शिकणं फुकट असतं. हँडबिलवर तिचं नाव नसतं, कारण फुकट गोष्टीवर कमिशन मिळणारा काउन्सेलर नसतो.

ज्याची फी गेली आहे त्याला निकाल मिळाल्यानंतरचा टप्पाही माहीत असलेला बरा. ग्राहक आयोगाचा आदेश निघाला तरी पैसे आपोआप येत नाहीत. २०१९ च्या ग्राहक कायद्याच्या ७१ व्या कलमाखाली तो दिवाणी हुकूमनाम्यासारखा बजावून घ्यावा लागतो, आणि तरीही संस्थेनं टाळलं तर ७२ व्या कलमाखाली एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा २५,००० ते १ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. कैद माणसाला होते, अकॅडमीच्या पाटीला नाही. म्हणून तक्रारीत नुसतं संस्थेचं नाव लिहून चालत नाही. संचालक, पावतीवर सही करणारा, ज्याच्या खात्यात पैसे गेले तो, आणि शाखा फ्रँचायझीची असेल तर मुख्य कार्यालयही विरुद्ध पक्ष म्हणून पहिल्याच दिवशी घालायचं. सोसायटीच्या विश्वस्तांची नावं निबंधकाच्या कार्यालयातून आणि कंपनीच्या संचालकांची नावं कंपनी खात्याच्या संकेतस्थळावरून काढता येतात. भिंतीवरची ती नोंदणीची प्रमाणपत्रं इथे पहिल्यांदा विद्यार्थ्याच्या कामी येतात: त्यांच्यावरचा नोंदणी क्रमांक प्रवेशाच्या दिवशीच मोबाइलमध्ये टिपलेला असला, तर नाव बदलून दुसऱ्या गावी दुकान मांडलेल्या माणसापर्यंत नोटीस पोचवता येते.